बाटलीवरचा क्रमांक आणि आतला मध

चिखलदऱ्यात बचतगटांना मध भरायला शिकवताना मी आधी परवान्याचा कागद काढत नाही, रिफ्रॅक्टोमीटर काढतो. काचेवर मधाचा थेंब टाकायचा, वरची झडप मिटायची, नळीतून उजेडाकडे पाहायचं. निळा रंग संपून पांढरा सुरू होतो, तिथं मधातल्या पाण्याचा आकडा दिसतो. भारतीय मानकानुसार तो २० टक्क्यांवर नको. पाणी वाढलं की मध आंबतो, झाकणाखाली फेस धरतो.

आमच्याकडे खरी काळजी धुक्याची. पावसाळ्यात ढग घरात शिरतात आणि मध हवेतला ओलावा ओढून घेतो. डबा रात्रभर उघडा राहिला की चांगला मालही बिघडतो. पोळं कच्चं काढलं, म्हणजे मेणाने न मिटलेली घरं पिळली, तर दोष जंगलातूनच येतो. आग्या माशीचं मोहोळ उतरवणारे जाणते कोरकू आदिवासी पिकलेला भाग नजरेनं ओळखतात. तेवढाच कापून घेतला तर अळ्यांचा रस मिसळत नाही आणि मोहोळही जगतं. शेजारचं आमझरी आता 'मधाचं गाव' झालंय, तिथं ही शिस्त फार मोलाची.

धोका कुठं शिरतो ते ओळखून तिथंच पहारा बसवायचा, या पद्धतीला 'हॅसप' म्हणतात. १९६०च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी पिल्सबरी कंपनी आणि नासाने ती घडवली. २००५ साली आलेल्या आयएसओ २२००० या अन्नसुरक्षा मानकाचा गाभाही तोच. असा पहारा बसवायला आमच्या गटाला लागतं ते एवढंच: कोरडी बाटली, खाण्याच्याच वस्तूंचा डबा (कीटकनाशकाचा धुतलेलाही चालणार नाही) आणि वही. वहीत तारीख, जंगलाचा पट्टा, मध काढणाऱ्याचं नाव, बॅच क्रमांक. एक बाटली बिघडली तर तिच्या जोडीच्या बाटल्या कुठं गेल्या, हे वहीच सांगते.

लेबलवरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक हवाच, पण तो उत्पादकाची नोंद सांगतो, हातातली बाटली तपासल्याची ग्वाही देत नाही. २०२० साली सीएसई या संस्थेने १३ ब्रँडचा मध तपासून घेतला, तेव्हा साखरेच्या पाकाची भेसळ ओळखणाऱ्या एनएमआर चाचणीत तीनच टिकले. काडी पेटवून किंवा पाण्यात थेंब सोडून ही भेसळ कळत नाही.

म्हणून इथं मध घेताना बॅच आणि मध काढल्याची तारीख विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका. आणि प्रमाणपत्र कितीही मोठं असो, एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका.