चाळीतून चाळिसाव्या मजल्यावर

'फॉल्ट टॉलरन्स' म्हटलं की आपल्याला व्हायवा आठवतो. एक भाग बंद पडला तरी सिस्टिम चालू राहिली पाहिजे, एवढाच त्याचा साधा अर्थ. पण ही सिस्टिम आपल्या परळ-लालबागच्या चाळींत कित्येक वर्षं चालू आहे, आणि तिच्यावर म्हाताऱ्या माणसांची तब्येत अवलंबून आहे, हे कधी लक्षात आलंय?

बी.डी.डी. चाळींचंच उदाहरण घ्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. मध्ये लांबलचक पॅसेज आणि दारं दिवसभर उघडी. सकाळी आजी पाण्याला आल्या नाहीत तर समोरची काकू डोकावणारच, "काय हो आजी, बरं नाही का?" हे काम कुणी कुणाला नेमून दिलेलं नसतं. एकाचं लक्ष नसलं तरी दुसऱ्याचं असतं. आपल्या भाषेत रिडंडन्सी, आजीच्या भाषेत शेजारधर्म!

म्हणून चाळ म्हणजे स्वर्ग असं मात्र नाही हं. संडास पॅसेजच्या टोकाला. रात्री तिथवर जायची भीती, म्हणून आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, चक्कर आणि शेवटी पडणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढची सगळ्यांत जास्त. खुब्याचं हाड मोडून अंथरूण धरलं की स्नायू झिजतात, पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया गाठतो.

शिवाय जिना! राष्ट्रीय बांधकाम संहिता (२०१६) सांगते की राहत्या इमारतीत पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी २५० पेक्षा कमी नको. गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीचा लाकडी जिना टेप लावून मोजा, मग आजोबा आठवडाभर खाली का उतरले नाहीत ते कळेल.

आता चित्र बदलतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ४० मजली इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरात संडास, दाराशी लिफ्ट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून मोठं औषध नाही. पण दार बंद झालं! १९८२ च्या संपाच्या वेळी पंचविशीत असलेला गिरणी कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. मागांच्या खडखडाटात अनेकांचे कान गेले. मुलगा-सून कामावर, बेल ऐकू येत नाही, बोलायला कुणी नाही. एकटेपणाने मन खचतं, स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो आणि बी.पी.ची गोळी चुकली तर आठवण करून देणारंही कुणी नसतं. म्हणजे एक फॉल्ट दुरुस्त करताना आपण रिडंडन्सीच काढून टाकली.

मग काय करायचं? परत चाळीत जायचं? मुळीच नाही. संडासात धरायला दांडी, न घसरणारी फरशी, बेलसोबत लुकलुकणारा दिवा, प्रत्येक मजल्यावर लिफ्टबाहेर बसायला बाकडं. हे नकाशातच असलं तर खर्च किरकोळ. बाकी माणसांनी करायचं. एक चावी शेजारी ठेवायची, रोज सकाळी एकदा दार वाजवायचं, आजोबांना ज्येष्ठ नागरिक संघात किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर न्यायचं. अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.

नायगाव, ना. म. जोशी मार्ग, लालबाग, गिरगाव... पुढची कित्येक वर्षं इथे टॉवर उभे राहणार आणि त्यांचे नकाशे आपल्यापैकीच कुणीतरी काढणार. तेव्हा लिफ्ट आणि दार यांच्यामध्ये दोन म्हातारी माणसं गप्पा मारत बसतील एवढी जागा तेवढी सोडा!