रिपोर्टवरची एक ओळ आणि घरातली घाई

जालन्यात सोनोग्राफीच्या दाराशी बसलेल्या मुली बाटलीतून घोटघोट पाणी पीत असतात. लग्न न झालेल्या मुलीची तपासणी पोटावरून करतात आणि त्यासाठी लघवीची पिशवी भरलेली लागते. अंबडहून, परतूरहून सकाळच्या एसटीने आलेली मुलगी कळ दाबून बसते, आत जाते, दहा मिनिटांत बाहेर येते. रिपोर्टच्या तळाशी एक ठळक ओळ असते: दोन्ही बाजूंना पॉलिसिस्टिक ओव्हरीज. पाळी चार महिने का आली नाही, हे विचारायला आलेली आई आता वेगळंच विचारते, "हिला पुढं लेकरू होईल ना?"

होईल. पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं. काहींना आपोआप, काहींना थोड्या उशिराने, काहींना औषधांच्या मदतीने. हे उत्तर आधी देऊन टाकलेलं बरं, कारण ते मिळेपर्यंत बाकीचं काही कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

पण मुळात त्या एका ओळीने पीसीओएस ठरत नाही. अंडाशयात अनेक बारीक पुटं एकाच वेळी वाढू लागतात, त्यातलं एक मोठं होऊन फुटतं आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. हे चक्र अडलं की पुटं अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणारे काळे ठिपके म्हणजे ही 2 ते 9 मिलिमीटरची पुटं. ज्यांना घरीदारी 'पाण्याच्या गाठी' म्हणतात त्या याच. त्या कॅन्सरच्या नसतात, ऑपरेशन करून काढायच्याही नसतात. तरुण, निरोगी मुलींच्या अंडाशयातही अशी पुटं भरपूर दिसतात.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी 1935 मध्ये सात बायकांच्या नोंदींवरून या आजाराचं वर्णन केलं. निदानाचे आजचे निकष 2003 च्या रॉटरडॅमच्या बैठकीतून आले: पाळी अनियमित असणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि अंडाशयात खूप पुटं दिसणं. या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. त्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून ती कारणं बाजूला काढायची असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशभरातला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या, कडक निकषांनी 7.2 टक्के बायकांत पीसीओएस निघाला आणि रॉटरडॅमच्या निकषांनी 19.6 टक्के. बायका त्याच, निकष बदलले तर आकडा जवळजवळ तिप्पट. 'हल्ली घरोघरी पीसीओडी' (पीसीओएसचंच रूढ नाव) असं म्हणण्याआधी एवढं लक्षात असलेलं बरं.

मुलींच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली पाळी आल्यानंतर आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी धरायचीच नाही. तेराव्या वर्षी पाळी आली असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत पडद्यावरच्या ठिपक्यांना अर्थ नाही. त्या वयात अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांच्या खुणा दोन्ही हव्यात. शिवाय पहिल्या वर्षी पाळी मागेपुढे होणं अगदी साहजिक आहे आणि पुढची दोन वर्षंही 45 दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. मात्र वर्ष उलटल्यावर एकदा जरी सलग 90 दिवस पाळी आली नाही, तर दाखवायला हवं.

खुणा घरातच दिसतात, फक्त त्यांचा अर्थ भलताच लावला जातो. मुलीच्या मानेवर मागून काळपट, मखमली पट्टा येतो. आई अंघोळीच्या वेळी बेसन लावते, घासणीने घासते, "मळ साचलाय" म्हणून रागावते. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि मानेवर, काखेत कातडी अशी जाड, काळी पडते. हेच वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं आणि बीज बाहेर पडणं अडतं. हनुवटीवरचे राठ केस आईच्याही आधी पार्लरवालीला ठाऊक असतात. कितीतरी मुली महिन्याला दोनदा थ्रेडिंग करतात आणि डॉक्टरकडे गेल्यावर त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत.

मग घाई सुरू होते, आणि घाई बहुतेकदा लग्नाची असते. "लग्न झालं की पाळी लायनीवर येते" हे वाक्य मराठवाड्यात इतक्या ठामपणे म्हटलं जातं की त्यापुढे डॉक्टरही गप्प बसतात. लग्नाने संप्रेरकं बदलत नाहीत. आधीच जालना हा बालविवाहांचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त असलेला जिल्हा. तिथे सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती असा कागद पडला की स्थळं बघण्याला नवं निमित्त मिळतं: आता उशीर केला तर मूल होणार नाही. आणि कागद लपवायचाही असतो, कारण 'गाठी आहेत' हे कळलं तर स्थळ मोडेल. म्हणून औषध बंद, फाइल कपाटात, आणि लग्नानंतर सहाच महिन्यांत सासूबाईंचं "काही बातमी?"

घाईच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट शेजारच्या बीड जिल्ह्यातली. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. या बायकांना पीसीओएस होता असं मी म्हणत नाही. पण पाळीच्या तक्रारीला आपल्या भागात दोनच उत्तरं तयार असतात, लग्न नाहीतर पिशवी काढणं. मधल्या उपचारांची वाट कुणी दाखवत नाही.

ती वाट तशी सरळ आहे. मूल नको असताना पाळी नियमित करायला डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या देतात. ते काही ढोंग नव्हे: महिनोन् महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्याला मोकळं करावं लागतं. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के कमी झाल्यावरही अनेकींचं बीज पुन्हा बाहेर पडू लागतं. सडपातळ बायकांनाही पीसीओएस होतो, तेव्हा 'वजन कमी करा' हे सगळ्यांसाठीचं औषध नाही. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला 'व्यायाम करत जा' सांगण्याआधी डॉक्टरांनी एकदा तिचे हात बघावेत. तिला खरं तर उपवासाचा साबुदाणा आणि दिवसातून सहा वेळचा गोड चहा यांवर बोलायला हवं. आणि हो, अनियमित पाळी म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नाही. बीज कधी बाहेर पडेल याचा नेम नसतो एवढंच. मूल नको असेल तर साधन वापरावंच लागतं.

मूल हवं असेल तेव्हा पहिलं औषध लेट्रोझोल. मुळात ते स्तनांच्या कॅन्सरचं. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस ही स्वस्त गोळी घ्यायची, मग सोनोग्राफीवर पूट वाढतंय का ते बघायचं. पण भारत सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये वंध्यत्वासाठी या औषधावर बंदी घातली होती. बाळात व्यंग येतं, असा सूर 2005 मध्ये एका परिषदेत मांडलेल्या छोट्या निबंधाने लावला होता. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. उलट 2014 मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या 750 बायकांवरच्या चाचणीत लेट्रोझोल घेतलेल्या 27.5 टक्के जणींना मूल झालं, तर जुन्या क्लोमिफीनवर 19.1 टक्के जणींना. भारतातली बंदी उठायला 2017 उजाडलं. त्या काळात उपचार घेतलेल्या बायकांना हे औषध हक्काने मागताच आलं नाही. आज एखाद्या दुकानदाराने "ही तर कॅन्सरची गोळी" म्हटलं तर घाबरू नये, गोळी ओळखीचीच आहे. मात्र ती मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घ्यायची नाही.

टेस्ट ट्यूब बेबीची पाळी या सगळ्यानंतर येते, आणि बऱ्याच जणींवर येतच नाही. तिथवर जायचंच असेल तर अशा उपचारकेंद्रांसाठीच्या 2021 च्या कायद्याखाली त्या केंद्राची नोंदणी आहे का, ते आधी विचारावं.

या सगळ्याआधी करायची तपासणी मात्र नेहमी शेवटी होते: नवऱ्याची. मूल न होणाऱ्या जोडप्यांत निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडेही कारण असतं. वीर्यतपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, फक्त दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि नमुना द्यायचा. तरी बाईच्या तीन सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे आणि दोन देवस्थानं होईपर्यंत त्याचं नाव निघत नाही. बाईच्या फाइलवर पीसीओएस लिहिलेलं असलं की मग तर घरच्यांना कारण सापडलेलंच असतं. नवऱ्याचा रिपोर्ट जोडल्याशिवाय पहिली गोळी लिहायची नाही, असा नियम डॉक्टरांनीच केला तर निम्मी भांडणं वाचतील, असं माझं मत.

पैशांचा प्रश्न राहतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. पहिल्या पायरीसाठी खासगी पॅकेजची गरज नाही. साखर आणि थायरॉइडच्या तपासण्यांपासून सुरुवात सरकारी दवाखान्यातही होते.

मूल झालं की फाइल कायमची मिटते. पीसीओएस मिटत नाही. या बायकांना गरोदरपणातल्या साखरेचा आणि पुढे मधुमेहाचा, रक्तदाबाचा धोका जास्त असतो. मनावर येणारं मळभही यात वारंवार दिसतं, त्याला सासरच्यांच्या बोलण्याखेरीज आजाराचंही कारण असतं. साखरेच्या धोक्यामुळे ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची साखरेची तपासणी गरोदरपणात आणि नंतरही दर एक ते तीन वर्षांनी करून घ्यायला हवी. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि बीपी उपकेंद्रावर तपासतातच. वय कमी असेल तर बाळाच्या लसीकरणाच्या दिवशी सिस्टरना स्वतःहून सांगावं की मला पीसीओएस आहे, माझीही साखर बघा.