पाणी उलटं वर जातं तेव्हा: एका जुन्या ऑपेराचं नवं रूप

ऑपेरा म्हटलं की आपला अंगठा थेट ‘स्किप’कडे जातो, माझाही जायचा. आज थोडं थांबा.

वॅग्नरचा ‘ट्रिस्टन उंड इझोल्ड’ १८६५ मध्ये म्युनिकला पहिल्यांदा रंगमंचावर आला. गोष्ट साधी आहे. ट्रिस्टन इझोल्डला जहाजातून आपल्या राजाची बायको व्हायला घेऊन चाललाय. दोघं विष समजून जे पितात, ते निघतं प्रेमाचं औषध. पुढे काय होणार ते कळलंच असेल.

खरी गंमत संगीतात आहे. सुरुवातीलाच एक अस्वस्थ स्वरमेळ येतो आणि तो सुटतच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर गायक समेच्या अगदी जवळ येतो आणि दरवेळी हुलकावणी देतो. असं जवळजवळ चार तास! सम सापडते ती थेट शेवटी, इझोल्ड मरते तेव्हा.

आता यात अध्यात्म कुठून आलं? तर वॅग्नरने १८५४ मध्ये शोपेनहावर वाचला होता. शोपेनहावरचं लाडकं पुस्तक म्हणजे उपनिषदांचं लॅटिन भाषांतर. ते झालं होतं फारसीवरून, आणि ते फारसी भाषांतर दारा शुकोहने १६५७ मध्ये करवून घेतलेलं. म्हणजे ‘मीपण विरघळणं’ ही कल्पना बराच लांबचा प्रवास करून या प्रेमकथेत शिरलीय.

दिग्दर्शक पीटर सेलर्स आणि व्हिडिओ-कलाकार बिल व्हायोला यांनी नेमका हाच धागा पकडला. २००४ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसला रोज एक अंक असं तीन संध्याकाळी सादर झालं, आणि २००५ मध्ये पॅरिसच्या बास्तील ऑपेरात पूर्ण प्रयोग झाला. मंच जवळजवळ रिकामा, गायक साध्या काळ्या कपड्यांत आणि मागे भलामोठा पडदा. व्हायोलाने पहिल्या अंकाला नाव दिलं ‘शुद्धीकरण’. पडद्यावर एक स्त्री आणि एक पुरुष लांबून चालत येतात, कपडे उतरवतात, पाण्याने स्वतःला धुतात. सगळं इतकं संथ की सुरुवातीला वाटतं, व्हिडिओ अडकलाय! व्हायोला लहानपणी बुडता बुडता वाचला होता. पाणी त्याच्या कामात पुन्हा पुन्हा येतं ते उगाच नाही.

शेवटचा प्रसंग बघाच. ट्रिस्टन मेलाय, इझोल्ड गातेय. पडद्यावर दगडी चौथऱ्यावर एक देह पडलाय. त्यातून एकेक थेंब वर उडू लागतो. थेंबांचा धबधबा होतो, पण उलटा, आणि तो देह उचलून घेऊन जातो.

आता माझी तक्रार. एवढ्या मोठ्या पडद्यासमोर गायकांकडे बघणार कोण? काही ठिकाणी चित्र गाण्याला गिळतं, हे मला मान्यच करावं लागतं. त्या धबधब्यापाशी मात्र नाही. तिथे सम आणि पाणी एकत्र येतात.

ऐकायचं असेल तर आधी फक्त सुरुवातीचं वाद्यसंगीत ऐका, मग थेट शेवट. हेडफोन लावून, आणि व्हिडिओ नंतर.