बेडसे येथील सातबारा आणि डेटाबेसचे दफ्तरदार

पवन मावळातील बेडसे येथील लेण्यांत नासिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राने, पुष्यणकाने, दिलेल्या दानाची नोंद दगडात कोरलेली आहे. त्याच गावच्या शेतजमिनींच्या नोंदी आज ज्या संगणकीय दफ्तरात नांदतात, त्याची रचनाही मला तितकीच अभ्यसनीय वाटते.

ही रचना ज्यावर उभी आहे, तो परस्परसंबद्ध कोष्टकांचा सिद्धांत एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केला. परंतु महसूल खात्याच्या गाव नमुन्यांत, म्हणजे जमिनीचा सात, पिकांचा बारा, खातेदारांचा आठ-अ आणि फेरफारांचा सहा यांत, गट क्रमांक व खाते क्रमांक हे दुवे त्यापूर्वीच काम करीत होते. खरेदीखत झाले म्हणून सातबाऱ्यावर तत्काळ नाव चढत नाही. आधी फेरफार नोंदला जातो, हितसंबंधीयांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंद अंमलात येते. डेटाबेसमधील ट्रॅन्झॅक्शनचा दंडकही हाच, की व्यवहार संपूर्ण तरी व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये.

अशा दफ्तराचा प्रशासक, म्हणजे डीबीए, कोणी काय पाहावे व काय बदलावे याचे अधिकार ठरवितो, मंदावलेल्या शोधासाठी इंडेक्स बांधतो, बॅकअप घेतो, आणि (माझ्या मते हेच त्याचे श्रेष्ठ कर्तव्य) त्या बॅकअपमधून सारे दफ्तर पुन्हा उभे राहते की नाही, हे संकट येण्यापूर्वीच पडताळून पाहतो. पोस्टग्रेससारख्या मुक्त डेटाबेस प्रणालीत तर या व्यवसायातील मंडळी सापडलेला दोष आणि त्यावरील दुरुस्ती सर्वांसमक्ष मांडतात, व त्या कार्यात पुण्यातील अभियंत्यांचाही वाटा आहे.