मुंबई क्रिकेट संघाचे संस्मरणीय विजय
मुंबई क्रिकेट संघ : रणजी करंडक स्पर्धेत मुंबई शहर, उपनगरे व लगतच्या प्रदेशाचे प्रतिनिधित्व करणारा संघ. 1934-35 मधील पहिल्याच स्पर्धेत उत्तर भारताचा पराभव करून त्याने अजिंक्यपद मिळविले. 2023-24 अखेर त्याच्या अजिंक्यपदांची संख्या 42 झाली. भारतातील अन्य कोणताही संघ या संख्येच्या जवळपासही आलेला नाही. यशाचे श्रेय अनेकदा थोर फलंदाजांना दिले जाते. तथापि या संघाचे सर्वांत महत्त्वाचे विजय पाहिले असता, ते पुष्कळदा दुय्यम मानल्या गेलेल्या खेळाडूंनी मिळवून दिल्याचे आढळते.

1948-49 च्या उपान्त्य सामन्यात पुण्यास मुंबईने 651 व 8 बाद 714, तर महाराष्ट्राने 407 व 604 धावा केल्या. सामन्यात नऊ शतके झाली आणि एकूण 2,376 धावांचा जागतिक उच्चांक प्रस्थापित झाला. मुंबई 354 धावांनी विजयी झाली. चौथ्या डावात सहाशेवर धावा करूनही हरण्याची पाळी महाराष्ट्रावर आली. फलंदाजांना अनुकूल खेळपट्ट्यांच्या त्या काळाचे हे टोक होय.

1958-59 ते 1972-73 या काळात मुंबईने सलग पंधरा वेळा करंडक जिंकला. त्यांपैकी 1970-71 चा विजय विशेष उल्लेखनीय आहे. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर व अशोक मांकड हे त्या वेळी भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील उरलेल्या संघाने चंदू बोर्डे यांच्या महाराष्ट्र संघास अंतिम सामन्यात 48 धावांनी नमविले. राखीव खेळाडूंची खरी कसोटी याच सामन्यात लागली.

1972-73 चा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर झाला. खेळपट्टी फिरकीला अनुकूल होती आणि तमिळनाडूकडे वेंकटराघवन व व्ही. व्ही. कुमार हे नामांकित फिरकी गोलंदाज होते. मुंबईचा डाव 151 धावांत आटोपला; परंतु पद्माकर शिवलकर यांनी 16 धावांत 8 गडी बाद केल्याने यजमानांना 80 धावाच करता आल्या. दुसऱ्या डावात मुंबईच्या 113 धावांनंतर तमिळनाडू 61 धावांत बाद झाला. शिवलकरांनी सामन्यात 34 धावांत 13 बळी घेतले. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर सामना संपला. शिवलकरांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. त्यांच्या समकालीन फिरकी चौकडीमुळे हे घडले हे मान्य केले, तरी ही उपेक्षा खटकते. पुढल्याच वर्षी कर्नाटकाने ही विजयमालिका खंडित केली.

1984-85 मध्ये पहिल्या डावात दिल्लीहून 65 धावांनी मागे पडूनही मुंबईने 90 धावांनी विजय मिळविला; दुसऱ्या डावात रवी शास्त्री यांनी 91 धावांत 8 बळी घेतले. येथे एका पराभवाचाही उल्लेख केला पाहिजे. 1990-91 मध्ये हरयाणाविरुद्ध 355 धावांचे लक्ष्य अवघ्या दोन धावांनी हुकले व दिलीप वेंगसरकर 139 धावांवर नाबाद राहिले. अनिर्णित बाद सामन्यात पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरते, हा नियम ध्यानात घेतल्यास 1999-2000 च्या उपान्त्य सामन्यातील सचिन तेंडुलकर यांच्या नाबाद 233 धावांचे मोल कळते : तमिळनाडूच्या 485 धावांना मुंबईने 490 धावांचे उत्तर दिले. 2006-07 च्या उपान्त्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात शून्य धावेवर पाच गडी बाद झाले, तरीही मुंबईने सामना जिंकला. जानेवारी 2010 मध्ये म्हैसूर येथे कर्नाटकावर सहा धावांनी मात केली. शेवटच्या क्षणापर्यंत हार न मानणाऱ्या या वृत्तीला मुंबईकर ‘खडूस’ म्हणतात. अन्यत्र निंदाव्यंजक असलेला हा शब्द येथे गौरवाने वापरला जातो.

मुंबई क्रिकेटचे केंद्र दीर्घकाळ दादरच्या शिवाजी पार्क परिसरात होते. पुढे ते उत्तरेकडील उपनगरांत पसरले. बोरीवली हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील स्वामी विवेकानंद शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या हाताखाली रोहित शर्मा व शार्दूल ठाकूर घडले. रोहित आरंभी ऑफस्पिन गोलंदाजी करीत असे. त्याची फलंदाजी लाडांनी हेरली. ठाकूर मूळचा पालघरचा. तो लाडांच्या घरी राहून शिकला. रोहितने 2006-07 च्या अंतिम सामन्यात बंगालविरुद्ध दुसऱ्या डावात 57 धावा केल्या. मार्च 2024 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील उपान्त्य सामन्यात तमिळनाडूच्या 146 धावांना उत्तर देताना मुंबईची अवस्था 7 बाद 106 झाली होती. तेव्हा ठाकूरने 109 धावा काढल्या. प्रथम श्रेणीतील हे त्याचे पहिलेच शतक. तनुष कोटियनच्या नाबाद 89 धावांचीही जोड मिळाली व मुंबई एक डाव 70 धावांनी विजयी झाली. त्यानंतर वानखेडे मैदानावर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात पडझड होत असताना ठाकूरच्याच 75 धावांनी संघास 224 पर्यंत नेले. दुसऱ्या डावात मुशीर खानने 136 धावा केल्या. विदर्भाने 538 धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना 368 पर्यंत मजल मारली व अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखाली मुंबई 169 धावांनी विजयी झाली. शेवटचा गडी निवृत्त होत असलेल्या धवल कुळकर्णीने बाद केला.