आघाडीवर फुकटे मागे का पडतात?



परदेशातल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या जेवणाला दोनशे पानं उठतात आणि भांडी घासायला सहाच जण उरतात. तरी मंडळं चालतात, ती कशी? मी पडलो कॉम्प्युटरवाला, बायोलॉजी बारावीतच सुटली. पण याचं झकास उत्तर मला पावाच्या यीस्टमध्ये सापडलं.

आपली नेहमीची साखर फोडायला यीस्टची पेशी इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम बनवते. हे काम पेशीच्या बाहेरच्या अंगाला चालतं. त्यामुळे तयार ग्लुकोज-फ्रुक्टोजपैकी जेमतेम १ टक्का तिच्या पदरात पडतं, उरलेलं ९९ टक्के शेजारीपाजारी! ज्यांच्यात त्या एन्झाइमचा जीनच नाही अशा 'फुकट्या' पेशी त्यावर मजेत वाढतात. एमआयटीच्या जेफ गोर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की दोघांना एकत्र ढवळत ठेवलं तरी कष्टाळू पेशी संपत नाहीत, तो १ टक्का त्यांना तारतो. पण फुकटेही हटत नाहीत.

खरी गंमत वस्ती पसरायला लागली की होते. गोर यांच्याच गटाने २०१३ मध्ये छोट्या खळग्यांची रांग घेतली आणि रोज थोड्या पेशी शेजारच्या खळग्यात हलवल्या. आघाडीवर वस्ती विरळ, म्हणजे आयतं ग्लुकोजही कमी. तिथे स्वतःचा १ टक्का असणारा तरतो, फुकट्याची मात्र उपासमार. परिणाम काय, तर आघाडीवर कष्टाळूंचं प्रमाण वाढलं. इतकंच नाही, मागून येणारी फुकट्यांची लाट गाठायच्या आत ते पुढे निघून गेले.

पण यात एक मेख आहे. हा फायदा पुढे मोकळी जागा आहे तोवरच. पसरणं थांबलं, गर्दी झाली, की फुकटे येऊन पोचतातच.

यीस्टला ना लाज, ना 'लोक काय म्हणतील'. तेव्हा माणसांना हा नियम जसाच्या तसा लावू नये हे मान्य. तरी नव्या गावातली पहिली दहा कुटुंबं आठवून बघा. तिथे स्वयंपाक, सतरंज्या, आरती सगळं सगळ्यांनीच करायचं, नाहीतर गणपतीच बसत नाही. मंडळ फार मोठं झालं असेल, तर त्याच दोनशे जणांत आणखी एक समिती नेमण्यापेक्षा पलीकडच्या उपनगरात छोटी शाखा काढून पाहायला काय हरकत आहे?

तुमच्या गावचा अनुभव काय? जरूर लिहा.