सळईला लागलेले मीठ

सुरतेनजीक नवागाम, दिंडोली या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. पै पै साठवून कित्येकांनी तेथे पक्की घरे बांधिली. अशा घराच्या स्लॅबचे पोपडे थोड्याच वर्षांत गळू लागले, तांबूस सळई उघडी पडली, की सारा दोष सिमेंटवर जातो. आम्हांस हे न्याय्य वाटत नाही. पुष्कळदा खरा अपराधी मीठ, म्हणजे त्यातील क्लोराईड, हा असतो.

वास्तविक काँक्रीट हे पोलादाचे उत्तम कवच होय. त्याच्या तीव्र अल्कधर्मी गुणामुळे सळईवर डोळ्यांस न दिसणारा संरक्षक थर धरतो. पुरेसे क्लोराईड तेथवर पोहोचले की हा थर एखाद्या ठिकाणी फुटतो व तेथेच सळई खोल कुरतडली जाते. विशेष हे की, या कामी क्लोराईड खर्ची पडत नाही. तेच पुनःपुन्हा घात करीत राहते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीट फुटते.

हे मीठ येते कोठून? समुद्राच्या वाऱ्याबरोबर येते, खाडीच्या न धुतलेल्या वाळूतून येते. आणि कित्येकदा घरमालक स्वतःच ते बादलीने ओततो! सुरतेच्या परिसरात अनेक ठिकाणी जमिनीतील पाणी मचूळ आहे. तेच माल कालविण्यास वापरले तर मीठ पहिल्या दिवशीच सळईपाशी पोहोचते. सन २००० च्या भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळईच्या कामास लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराईड चालते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० असते. पाण्याची परीक्षा जिभेने न करता प्रयोगशाळेत करवावी.

मिठाचा हा पराक्रम घरांपुरता नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा त्यास वीस वर्षेही झाली नव्हती. त्यातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. अशा तारा बाहेर फारशी खूण न दाखविताच तुटू शकतात. घरातील सळई निदान आधी भेगेने सूचना देते.

त्या भेगेवर गिलावा थापणे हा आपल्याकडील आवडता उपाय! तो निरुपयोगी. खारावलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढावे लागते; ते शेजारी राहिले तर नव्या ठिगळाच्या कडेलाच पुन्हा गंज धरतो. सळई बारीक झाली असल्यास अभियंत्यास दाखवावे. नवे घर बांधणाऱ्यांनी स्लॅब ओतण्यापूर्वी सळईखाली सिमेंटचे ठोकळे बसविले आहेत की नाहीत, हे स्वतः वाकून पाहावे. किनाऱ्यावरील उघड्या भागांत सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीट हवे.